जगात एक नंबर आहे, पण रावपुऱ्यात चालेल का?

पत्र: काका, रावपुऱ्यात आमचं आजोबांच्या वेळचं चपला-बुटांचं दुकान आहे. मी एम. एस. युनिव्हर्सिटीतून बी.कॉम. केलं, चार वर्षं पुण्यात नोकरी केली आणि गेल्या वर्षी बडोद्याला परत आलो. दुकानाचा दर्शनी अर्धा भाग फक्त गोल्फच्या बुटांना द्यावा, असं माझ्या मनात आहे. ब्रँड फुटजॉय. जगात एक नंबर, टायगर वुड्सही तेच घालतो. राजवाड्याच्या आवारात गोल्फ क्लब आहे आणि शहरात पैसा आहे, पण असं दुकान एकही नाही. एक वितरक 12 लाखांची पहिली ऑर्डर मागतो आहे, जोडीमागे सरासरी 9 हजार पडतात. बाबा म्हणतात, ‘नाव मोठं असेल, पण आपल्या गिऱ्हाइकाला त्याचं काय?’ एवढ्यावरून घरात धुसफूस चालू आहे. इतका लोकप्रिय ब्रँड बाबांना कसा समजावू? – एक वाचक, रावपुरा

ता.क. मी स्वतः गोल्फ शिकावं का?

चि. वाचकास,

बाबांना ब्रँड कसा समजावू, हा तुझा प्रश्न आहे. माझं म्हणणं असं की आधी तो तू नीट समजून घे, कारण ‘एक नंबर’ या दोन शब्दांवर तू 12 लाख लावायला निघाला आहेस आणि ते शब्द कुठून आले हे तुझ्या पत्रात कुठेच नाही.

ते खोटे नाहीत, हे आधीच सांगून टाकतो. या कंपनीचं मूळ 1857 सालचं आहे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात ब्रॉक्टन नावाचं गाव आहे, बुटांच्या कारखान्यांसाठी एकेकाळी नावाजलेलं. तिथे बर्ट अँड पॅकार्ड या नावाने सुरुवात झाली, पुढे नावं बदलली आणि गोल्फच्या बुटांवर फुटजॉय हे नाव आलं. 1927 साली रायडर कप या सांघिक गोल्फ स्पर्धेचा पहिला सामना झाला, तोही त्याच राज्यातल्या वूस्टर गावी, आणि अमेरिकन संघाच्या पायांत हेच बूट होते. 1945 पासून व्यावसायिक स्पर्धांमध्ये आपलेच बूट सर्वांत जास्त घातले जातात, असा कंपनीचा दावा आहे. 1985 मध्ये टायटलिस्ट चेंडूवाल्या अकुशनेट कंपनीने तिला विकत घेतलं. 2011 मध्ये अकुशनेटच कोरियाच्या फिलाच्या नेतृत्वाखालील गटाकडे गेली आणि 2016 पासून तिचे शेअर न्यूयॉर्कच्या बाजारात आहेत. मालक इतके बदलले, तरी पहिला नंबर टिकला. अशी कंपनी वाऱ्यावरची नसते, हे बाबांनाही मान्य होईल.

पण हा नंबर मोजतात कसा? अमेरिकेत डॅरेल सर्व्हे नावाची संस्था 1930 च्या दशकापासून हे काम करते आहे. स्पर्धेच्या दिवशी त्यांची माणसं पहिल्या ‘टी’पाशी, म्हणजे खेळ जिथून सुरू होतो तिथे, उभी राहतात. खेळाडू आला की त्याची काठी कुठली, चेंडू कुठला, हातमोजा कुठला, बूट कुठले, याची नोंद होते. झाली मोजणी. तिथे मोजले जातात ते खेळाडूंचे पाय. त्यातल्या कितीतरी जणांना बूट कंपनीकडून मिळतात, काहींना बूट घालण्याचे पैसेही मिळतात. दुकानात जाऊन स्वतःच्या खिशातून किती जणांनी घेतले, हे त्या कागदावर नसतं, आणि तुझ्या गल्ल्याचा संबंध फक्त त्याच आकड्याशी आहे.

टायगर वुड्सची गोष्ट तू अर्धीच ऐकली आहेस. त्याचा करार नायकीशी होता, तोही 1996 पासून. 2021 च्या फेब्रुवारीत गाडीच्या अपघातात त्याचा उजवा पाय वाईट मोडला. 2022 च्या एप्रिलमध्ये तो मास्टर्स स्पर्धेत उतरला तेव्हा अंगावर नायकीचे कपडे आणि पायांत फुटजॉय होते. जुळून आलेल्या पायाला जास्त आधार देणारे बूट हवेत, हे कारण. 2024 च्या जानेवारीत त्याने नायकी सोडली आणि पुढच्या महिन्यात टेलरमेड या गोल्फ कंपनीबरोबर स्वतःचा ‘सन डे रेड’ हा ब्रँड काढला. तेव्हा त्याचा फोटो भिंतीवर लावायचा विचार असेल तर तो आधी काढ. मात्र यातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. ज्याला दुसरी कंपनी पैसे देते आहे, तो माणूस पाय दुखतो म्हणून या कंपनीचा बूट घालतो. जाहिरातीत मावणार नाही अशी ही साक्ष आहे, आणि ती नावाची नाही, पायात बूट कसा बसतो त्याची आहे.

तुझ्या धंद्याची खरी गोम इथेच आहे. या कंपनीची ताकद मला विचारशील तर तिच्या मापांत आहे. अर्धे नंबर तर आहेतच, शिवाय बऱ्याच मॉडेलांत रुंदीचेही प्रकार मिळतात: अरुंद, मध्यम, रुंद, जास्त रुंद. आपल्याकडे लहानपणापासून चपलेत वाढलेला पाय पुढून पसरलेला असतो. असा पाय मध्यम रुंदीच्या विलायती बुटात घातला की करंगळी दबते आणि गिऱ्हाईक म्हणतं, ‘एक नंबर मोठा द्या.’ मोठा दिला की टाच सुटते. गोल्फमध्ये काठी फिरवताना सगळा भार पायांवरून वळतो, टाच सुटली की तोल जातो. म्हणजे या ब्रँडचा जो गुण आहे तो विकायचा, तर दुकानात रुंदीचे किमान दोन प्रकार ठेवावे लागणार.

आता कागद-पेन्सिल घे. सहा ते अकरा, मधले अर्धे धरून अकरा मापं. रंग दोन. झाले बावीस जोड. रुंदी दोन प्रकारची, चव्वेचाळीस. मॉडेल तीन तरी हवेतच, नाहीतर दर्शनी अर्धा भाग भरणार कशाने? एकशे बत्तीस जोड. 9 हजारांच्या भावाने 12 लाखांत येतात 133. म्हणजे तुझी सगळी रक्कम प्रत्येक मापाचा एकेकच जोड घेण्यात संपते. त्यातले आठ आणि नऊ नंबर आधी उडतील. नवे मागवायला पैसे नसतील, आणि फळीवर साडेसहा आणि अकरा नंबर बसून राहतील. कट-साइजचा माल काय भावाने जातो हे मी तुला सांगायला नको, बाबांना विचार. कुठला नंबर किती खपतो याचं प्रमाण त्यांना वही न उघडता सांगता येईल. तसं प्रमाण वितरकाच्या तयार सेटमध्ये असेल असं धरून चालू नकोस.

त्यात आपली हवा. गोल्फच्या काही बुटांचा तळवा पॉलियुरेथेनचा असतो. हा पदार्थ हवेतला ओलावा हळूहळू खातो आणि काही वर्षांनी आतून भुसभुशीत होतो. न वापरता खोक्यात राहिलेल्या बुटाला हे जास्त भोवतं. वरून चामडं नव्यासारखं चकचकीत दिसतं, गिऱ्हाईक दोन पावलं टाकतं आणि तळव्याचा चुरा जमिनीवर पडतो. कोल्हापुरी चप्पल दहा वर्षांनी काढली तर तेल लावून विकता येते, यात तशी सोय नाही. ईव्हीए या फोमचा तळवा असेल तर ही भीती नाही, म्हणून मॉडेल निवडताना तळवा कशाचा आहे हे विचारून घे. आणि माल ठेवणार कुठे, तेही लिही. 2024 च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीचं पाणी कुठे कुठे शिरलं हे बडोद्यात कोणाला सांगावं लागत नाही. तळघरातलं गोदाम असेल तर तिथे 12 लाखांचे बूट मी तरी ठेवणार नाही.

9 हजार हा भाव जीएसटी धरून आहे की सोडून, हेही पत्रात नाही. 2025 च्या सप्टेंबरपासून अडीच हजारांपर्यंतच्या जोडीला 5 टक्के आणि त्यावरच्या जोडीला 18 टक्के कर आहे. बाबांचा बराचसा माल पहिल्या खान्यात असेल, तुझा सगळा दुसऱ्यात. भाव कर सोडून असेल तर 2 लाख 16 हजार आणखी गुंतले. ते वळते होतात खरे, पण माल खपेल तसे.

‘शहरात दुकान नाही’ हे तू संधी म्हणून लिहिलं आहेस. असेलही. पण नसण्याचं कारण शोधल्याशिवाय मी तिला संधी म्हणणार नाही. बडोद्यात गोल्फ नवा नाही. लक्ष्मीविलास राजवाडा बांधून झाला 1890 मध्ये. आवारातलं मैदान महाराजा प्रतापसिंहरावांनी 1930 च्या दशकात युरोपीय पाहुण्यांसाठी करवून घेतलं, आणि त्यांचे नातू समरजितसिंह यांनी ते 1990 च्या दशकात नव्याने तयार करून लोकांना खुलं केलं. म्हणजे इतकी वर्षं लोक तिथे खेळताहेत आणि बूट कुठून तरी घेताहेतच. अहमदाबादला, मुंबईला, ऑनलाइन, नाहीतर अमेरिकेतल्या मुलाच्या बॅगेतून. ही शेवटची वाट गुजरातेत कमी समजू नकोस. ज्यांचं एक घर न्यू जर्सीत आहे त्यांना तिथल्या सेलमध्ये गेल्या वर्षीचं मॉडेल पुष्कळ स्वस्त पडतं, आणि तुझ्या मालावर आयात शुल्क बसलेलं असतं. तुझ्याकडे येऊन पायात घालून बघतील, माप पक्कं करतील, ‘विचार करून सांगतो’ म्हणतील आणि घरी जाऊन फोनवरून मागवतील.

आणखी एक. जगात एक नंबर असणं म्हणजे माल हातोहात खपणं, असंही नाही. कोविडच्या काळात मोकळ्या हवेतला खेळ म्हणून गोल्फ वाढला, दुकानदारांनी माल भरला, आणि मग फळ्या तुंबल्या. 2023 मध्ये अकुशनेटची एकूण उलाढाल 2 अब्ज डॉलरच्या वर गेली, पण फुटजॉयची विक्री त्या वर्षी आधीच्या वर्षापेक्षा उतरली. पहिला नंबर तेव्हाही त्यांचाच होता. बाजारही आता एकट्याचा नाही. 2010 च्या मास्टर्समध्ये फ्रेड कपल्स हा अमेरिकन खेळाडू एको कंपनीचे, तळाला खिळे नसलेले, रोजच्या वापरातल्यासारखे दिसणारे बूट घालून खेळला आणि तेव्हापासून ती तऱ्हा सुरू झाली. तरुण खेळाडूला गाडी चालवताना, मैदानावर आणि नंतर चहाच्या टेबलाशी एकच बूट हवा असतो. फुटजॉयनेही तसे काढले आहेत, पण त्या प्रकारात आदिदास, नायकी, पुमा, स्केचर्स सगळेच उभे आहेत, आणि त्यांची दुकानं बडोद्यात आहेत.

मग करायचं काय? डॅरेल सर्व्हेची माणसं जे तिकडे करतात ते तू इकडे कर. क्लबच्या व्यवस्थापकाला भेट, परवानगी घे आणि रविवारी सकाळी लवकर जाऊन पहिल्या टीपाशी थांब. वही ने. कोणाच्या पायात काय आहे ते लिही. साधे पळण्याचे बूट घालून खेळणारे किती, तेही लिही, कारण बाबांच्या प्रश्नाचं उत्तर त्याच रकान्यात आहे. बुटाचा तळवा किती झिजलाय ते बघ: नवा आहे, वर्षाचा आहे की पाच वर्षांचा. ‘कुठून घेतला’ असं सरळ विचार, गोल्फर बोलके असतात, विचारलं नाही तरी सांगतात. एका रविवारवर जाऊ नकोस, पावसाळ्यातला एक आणि हिवाळ्यातला एक तरी हवा.

ही मोजणी चालू असताना कॅडींकडेही, म्हणजे खेळाडूंच्या बॅगा वाहणाऱ्यांकडेही बघ. मैदानावर सर्वांत जास्त तेच चालतात. दव पडलेल्या गवतातून, खांद्यावर बॅग घेऊन, आणि बहुतेकदा पायात फाटका कॅनव्हास किंवा प्लास्टिकची सँडल. त्यांना फुटजॉय नको आहे आणि परवडणारही नाही. हजार-बाराशेत पाणी आत न येणारा, मागे पकड असलेला बूट हवा आहे, आणि तसा माल बाबांच्या वितरकाकडे आजही असणार. गोल्फचा तुझा पहिला धंदा तिथे होऊ शकतो. हे तुला फारसं झगमगीत वाटणार नाही, माहीत आहे.

दुसरं, झिजणाऱ्या वस्तूंपासून सुरुवात कर. हातमोज्यातही याच ब्रँडचं नाव मोठं आहे. उजव्या हाताने खेळणारा डाव्या हातात एकच मोजा घालतो, त्यामुळे मोजा सुटा विकला जातो. चांगला मोजा मेंढीच्या पातळ चामड्याचा, ज्याला कॅब्रेटा म्हणतात. आपल्या उन्हाळ्यात तो घामाने भिजतो, वाळला की पापडासारखा कडक होतो, आणि नियमित खेळणारा वर्षात कितीतरी मोजे संपवतो. मोजा विकत घ्यायला माणूस पुन्हा पुन्हा येतो, बूट घ्यायला दोन-तीन वर्षांनी. एक सावधगिरी: यातही मापं बरीच असतात, रुंद तळव्याचं आणि आखूड बोटांचं ‘कॅडेट’ माप वेगळं असतं. आधी मधली मापं ठेव, बाकीची मागणीनुसार आण.

तसेच खिळे. पूर्वी बुटांना लोखंडी खिळे असायचे, त्यांनी हिरवळ फाटायची. 1990 च्या दशकात प्लास्टिकचे मऊ खिळे आले आणि बहुतेक क्लबांनी लोखंडी बंद केले. मऊ खिळे झिजतात, साधारण पंधरा-वीस खेळांनंतर बदलावेत असं म्हणतात, आणि बदलतं कोणीच नाही. गुळगुळीत खिळ्यांवर घसरत खेळतात आणि बुटाला नावं ठेवतात. बसवण्याची पद्धत बुटागणिक वेगळी: फास्ट ट्विस्ट, पिन्स, जुन्यात स्लिम-लॉक. तिन्हींचे संच आणि दोन दात्यांचा तो पाना, एवढं दुकानात ठेवलंस तर गुंतवणूक फार नाही. जुने खिळे मातीने असे घट्ट बसलेले असतात की पाना घसरून दात तुटतात. आधी ब्रशने माती काढायची, थोडं तेल सोडायचं, थांबायचं, मग फिरवायचं. तुमच्या दुकानाबाहेर बसणारा मोची असेल तर हे काम त्याला शिकव आणि त्याची मजुरी त्यालाच घेऊ दे. या निमित्ताने शहरातले गोल्फचे बूट तुझ्या काउंटरवर येतील. कुठल्या मापाचे, कुठल्या ब्रँडचे, केवढे जुने, सगळं समोर. रविवारच्या वहीपेक्षा ही माहिती पक्की.

बूट ठेवायचेच तर पहिल्या वर्षी विकायला ठेवू नकोस, मापाला ठेव. वितरकाला म्हण, एका मॉडेलचा पूर्ण माप-संच दे, रुंदीच्या दोन प्रकारांत. गिऱ्हाईक पाय मोजून घेईल, आगाऊ रक्कम देईल, आणि त्याच्या नंबरचा जोड मागवला जाईल. पाय दोन्ही मोज, संध्याकाळी मोज, त्याचे नेहमीचे पायमोजे घालून मोज. खोक्यावर अमेरिकन, ब्रिटिश आणि युरोपीय असे तीन आकडे असतात. कोणी ‘मला नऊ लागतो’ म्हणालं तर कुठला नऊ ते विचार, कारण अमेरिकन नऊ म्हणजे आपल्याकडचा साधारण आठ. इतकं करणारा माणूस ऑनलाइन मिळत नाही आणि त्यासाठी लोक थोडे जास्त पैसे मोजतात. सगळे नाही, पण मोजतात.

वितरक याला तयार झाला नाही तर त्याच्या मालावर त्याचाच भरवसा किती, ते कळेल. तयार झाला तर तीन गोष्टी लेखी घे. न खपलेली मापं किती दिवसांत बदलून देणार. पाणी न शिरण्याची जी हमी कंपनी देते, ती बडोद्यातल्या गिऱ्हाइकाला कोण निभावून देणार, की तू स्वतःच्या खर्चाने बूट मुंबईला पाठवत बसणार. आणि 2024 च्या ऑगस्टपासून पादत्राणांना भारतीय मानकाच्या चिन्हाची जी अट आली आहे, ती त्याचा माल कशी पुरी करतो, याचे कागद.

बाबांविषयी. त्यांचं वाक्य तू तक्रार म्हणून लिहिलंस, मला ते दुकानदाराचं वाक्य वाटलं. ‘आपल्या गिऱ्हाइकाला त्याचं काय?’ हा प्रश्नच आहे, नकार नाही. त्याचं उत्तर घेऊन जा. दर्शनी अर्ध्या भागाचं मात्र विसर. नवरात्राच्या आधी त्या भागात मोजड्या आणि गरब्याचे बूट लागतात, त्यावर घरचं वर्षाचं गणित बसलेलं असणार, आणि तो भाग कोणी मागितला तर मी बाबांच्याच बाजूने बोलेन. एक काचेचं कपाट माग, आतल्या बाजूला, चांगल्या उजेडाचं. मापाला बसायला एक धड बाक माग. एवढं ते देतील.

ता.क. चं उत्तर: हो, शीक. निदान सहा महिने तरी. आणि बूट तुझ्या वितरकाकडून भावात घेऊ नकोस. अहमदाबादला किंवा मुंबईला एखाद्या गोल्फच्या दुकानात जा, ओळख सांगू नकोस, पूर्ण किंमत देऊन स्वतःच्या पायाचा जोड घे. ते पाय मोजतात का, किती जोड काढून दाखवतात, रुंदी विचारतात का, हातमोजाही गळ्यात मारायचा प्रयत्न करतात का, सगळं बघून ठेव. बिल जपून ठेव. बाबांना दाखवायचं की नाही, ते तू ठरव.